तारखेचा रकाना

“तुझ्यापेक्षा माझी काठी बरी. ती मधे तोंड घालत नाही,” ताई म्हणाली.

“मग काठीलाच घेऊन यायचं. मला पहाटे पाचला कशाला उठवलं?”

“मी नाही उठवलं. आईनं उठवलं. मी एकटीच येणार होते.”

“जा की मग एकटी. मी जातो परत.”

“जा.”

गेलो नाही. जिल्ह्याच्या स्टँडवर उसाच्या गाड्यापाशी आम्ही दोघं उभे होतो आणि रसवाला आमच्याकडं बघत घंटी वाजवायचं विसरला होता.

भांडण कंडक्टरवरनं होतं. तिकीट फाडताना तो ताईला सोडून माझ्याकडं बघून म्हणाला, “यांना कुठं उतरायचंय?” मी म्हणलं, “त्यांना तोंड आहे, त्यांनाच विचारा.” तो म्हणाला, “तुला विचारलं तर तुझं काय झिजतं का रे?” तिथनं वाढत वाढत प्रकरण त्याच्या कॉलरपर्यंत गेलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. एक म्हातारी पिशवीतली कोंबडी सांभाळत उभी राहून बघायला लागली.

“तो चुकला, ते मी त्याला सांगितलं असतं,” ताई म्हणाली. “हळू. त्याला लाज वाटेल असं. तू कॉलर धरलीस. आता तो घरी जाऊन तुझी गोष्ट सांगणार, माझी नाही.”

“मग काय ऐकून घ्यायचं?”

“मला म्हणाला होता. ऐकायचं का नाही ते मी ठरवणार.” मग तिनं हात पुढं केला. “आज हापिसात एक शब्द बोलायचा नाही. काही होऊ दे. घे शपथ.”

“कुणाची?”

“मोबाईलची घे. आईची घेतलेली तू पाळत नाहीस.”

घेतली. तेव्हा मी सोळाचा होतो. नववीत शाळा सोडली होती. सोडली म्हणजे काय, गणिताच्या सरांनी एक अख्खा तास मला फळ्यापाशी हातात खडू देऊन उभं केलं. येत नव्हतं ते नव्हतंच. चाळीस पोरं मागं खुसखुसत होती आणि सर म्हणत होते, “सम्राट, घे वेळ घे, तुझंच राज्य आहे.” घंटा व्हायच्या आधी मी डस्टर फेकलं. सरांना लागलं नाही, खिडकीला लागलं. दुसऱ्या दिवसापासनं गेलो नाही. मग पंक्चरचं दुकान झालं, मंडपवाला झाला, कुठंच महिन्याच्या वर टिकलो नाही, कारण कुणीतरी कायतरी बोलायचं. आई म्हणायची, “घरात रिकामी दोनच, एक तू नि एक ती मोडकी सायकल. सायकल उलटून बोलत नाही तेवढं बरं.” म्हणून मला ताईच्या मागं लावून दिलं होतं. हिला सोडायचं, आणायचं.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. प्रणिता. ती चार वर्षांची असताना तापात डोळे गेले. तिला मी बघितलं ते तसंच, त्यामुळं मला त्याचं काही वाटायचं नाही. ती बी. ए. झाली, मग पुण्याला जाऊन एक कोर्स केला. वेबसाइट तपासायचा. म्हणजे कॉम्प्युटर तिला सगळं वाचून दाखवतो, बाई बोलते त्यातनं, आणि ताई ती बाई एवढ्या जोरात पळवते की आपल्याला नुसती गांधीलमाशी ऐकू येते. त्यावर ती नुसत्या बटणांनी सगळं करते. माऊस लावत नाही. माऊसचा बाण दिसलाच नाही तर तो फिरवून करायचं काय.

त्या दिवशीचं काम सरकारी होतं. अपंगांना दर महिन्याला पेन्शन मिळतं ना, त्याची नवीन साइट निघाली होती. सगळ्यांनी जूनच्या तीस तारखेच्या आत तिच्यावर परत नोंद करायची, नाहीतर पेन्शन बंद. आणि साइट चालू करायच्या आधी न दिसणाऱ्या एका तरी माणसानं ती वापरून बघायची, खाली त्याची सही पाहिजे, असा नियम होता. ताईच्या संस्थेनं ताईचं नाव दिलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी भानुदासकाका आमच्या पायरीवर येऊन बसले होते. शेटे आडनाव, आमच्यापासनं चौथं घर. त्यांनाही दिसत नाही, ते जन्मापासनंच. एकटे राहायचे. गावातला पिवळा एसटीडीचा डबा वीस वर्षं त्यांनी चालवला. गावातल्या सगळ्यांच्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर त्यांना पाठ. “बार्शीची आत्या लाव” म्हणलं की बोटं आपोआप चालायची. डबा बंद पडला तरी नंबर डोक्यात तसेच होते. ताईला बटणांवर बोट ठेवायला त्यांनीच शिकवलं, ती पाच वर्षांची असताना, त्या डब्यात मांडीवर बसवून.

“प्रणे,” काका म्हणाले, “उद्या नीट बघून ये बाई.”

“बघते की.”

“मला माझं करता येईल का तेवढं बघ. गेल्या टायमाला पुतण्या आला इचलकरंजीवरनं. खाडा झाला त्याचा. दिवसभर बोलला मला. म्हणतो, कागदाला मी पाहिजे, अंगठ्याला मी पाहिजे, मग इथं एकटं राहून काय दिवे लावताय, चला तिकडं. ह्या वेळेला त्याला बोलवायला लागलं तर तो मला टेम्पोत घालूनच नेणार.”

“मग जायचं की चार दिवस,” मी म्हणलं. “त्याचे कापडाचे माग बघून यायचे.”

“सम्राटराव, चार दिवसाला नेत नसतात म्हाताऱ्याला.” ते हसले. “इथं मला विहिरीपर्यंत पावलं माहीत आहेत. तिकडं मी नुसता एका खाटेवरचा.”

ताई म्हणाली, “करता येत नसेल तर मी सहीच करणार नाही, काका.”

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकूनसुद्धा मला कळलं नाही, ती गोष्ट पुढं.

हापिसात दुसऱ्या मजल्यावर साहेबांच्या केबिनमधेच कॉम्प्युटर लावून ठेवला होता. कुलथे साहेब म्हणून होते, बसूनच नमस्कार केला, मग बहुतेक लक्षात आलं की हिला दिसलाच नाही, मग “नमस्कार मॅडम” असं मोठ्यानं म्हणाले. ताईला ऐकू कमी येतं असं लोकांना का वाटतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आवटे म्हणून क्लार्क होता, तो मोबाईलवर शूटिंग करायला उभा. आणि साइट बनवणाऱ्या कंपनीचा पोरगा, सिद्धेश. चष्मा, पाठीला बॅग, नखं खाल्लेली. टेबलावर एका कोपऱ्यात पत्रिकांचा गठ्ठा होता. सोमवारी उद्घाटन. छापूनसुद्धा झालं होतं. हे ताईला दिसत नव्हतं आणि मी बोलायचं नाही असं ठरलेलं.

“मी फक्त कीबोर्ड वापरणार,” ताई म्हणाली. “माऊस बाजूला घ्या.”

सिद्धेशनं माऊस उचलला आणि बाजूला ठेवला. बाजूला म्हणजे माझ्यासमोर.

सुरुवात झकास झाली. नाव, पत्ता, आधार नंबर, सगळं ती पटापट करत गेली. ती वाकडीतिकडी अक्षरं असतात ना, तुम्ही माणूस आहात का मशीन ते बघायची, तिथं अक्षरं ऐकायची पण सोय होती. ताई थांबली. “हे कुणी केलं?”

“मी, मॅडम,” सिद्धेश म्हणाला.

“चांगलं केलंय. मोठमोठ्या साइटींवर नसतं.”

पोरगा लाल झाला. मला पण बरं वाटलं, कशाचं कोण जाणे.

मग तारीख आली. डॉक्टरनं अपंगाचं सर्टिफिकेट कधी दिलं ती तारीख. त्या चौकोनात ती गेली आणि मशीनमधली बाई म्हणाली, “प्रमाणपत्राची तारीख. रिकामं. फक्त वाचण्यासाठी.” इकडं स्क्रीनवर एक छोटं कॅलेंडर उघडलं. आपण काय करतो, त्यातल्या आकड्यावर माऊस दाबतो. झालं. ताईला ते कॅलेंडर उघडलंय हेच कळत नव्हतं. बाई त्याबद्दल बोलतच नव्हती. चाचणीपुरती त्या दिवसाचीच तारीख, सतरा मे, टाकायची म्हणून ताईनं आकडे टाइप करून बघितले. होईनात. बाण दाबले. एंटर दाबलं. मागं गेली, परत आली. “फक्त वाचण्यासाठी.” परत मागं, परत पुढं. कॅलेंडर उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं.

तीन मिनिटं गेली असतील. पंखा खडखडत होता. ताईच्या कपाळावर एक आठीही नव्हती, ती शांत बसली होती, एका बाजूला मान करून. पण मी तिच्याकडं बघत नव्हतो. मी कुलथे साहेबांकडं बघत होतो.

त्यांनी आधी घड्याळ बघितलं. मग आवटेकडं बघितलं. मग डोळे मिटले, दोन्ही हात पुढं केले आणि हवेत चाचपडल्यासारखी बोटं हलवली. आवाज न करता. आवटेचे खांदे हलायला लागले. मोबाईल हलू नये म्हणून त्यानं दुसरा हात लावला. सिद्धेशनं ते बघितलं आणि खाली फरशीकडं बघायला लागला.

माझे कान तापले. तो फळा आठवला. हातातला खडू आठवला. ताई तिथं उभी आहे आणि मागं चाळीस जण खुसखुसतायत, आणि तिला तर मागं कोण आहे ते दिसतसुद्धा नाही. एरवी मी टेबलावरचं पाण्याचं तांब्याभांडं उचललं असतं आणि साहेबांच्या अंगावर रिकामं केलं असतं. मग काय झालं असतं ते झालं असतं. पण शपथ होती. एक शब्द नाही.

माऊस माझ्यासमोर होता. एवढासा सरकवला. सतरा आकड्यावर नेला आणि दाबला. ताई तेव्हा जोरात बटणं दाबत होती, त्यात माझा टक् मिसळून गेला.

“प्रमाणपत्राची तारीख,” बाई म्हणाली. “सतरा मे.”

ताईचा हात थांबला. “झालं?”

सिद्धेशनं माझ्याकडं बघितलं. त्यानं बघितलं होतं. मी पण त्याच्याकडं बघितलं. अशा नजरेनं, की बोल आता, बघतोच तुला. त्यानं ओठांवरनं जीभ फिरवली.

“झालं, मॅडम. सर्व्हर जरा स्लो आहे.”

“कशानं झालं पण? परत एकदा करून बघते.”

“मॅडम, जेवायची वेळ झाली,” कुलथे साहेब म्हणाले. “पुढचं बघून घेऊ या, काय? झालं ते झालं.”

ताईनं मान डोलावली. मग पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. रिपोर्टात तिनं सांगून लिहून घेतलं, तारखेच्या रकान्याला फार वेळ लागतो, तो सुधारावा. मग पर्समधनं पुठ्ठा काढला. पत्त्याएवढा, मधे खिडकी कापलेली, ती कागदावर ठेवून त्या खिडकीत ती सही करते. कुठं करायची ते आवटेनं दाखवलं. सही सरळ आली. टाळ्या वाजवल्या त्यांनी. साहेबांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

येताना तिनं मला मिसळ खाऊ घातली. “आज गप्प बसलास,” म्हणाली. “जमतं की तुला.”

मी पाव मोडत राहिलो. मला वाटलं, आपण आज पहिल्यांदा एक काम शेवटपर्यंत नीट केलं.

गावात आल्याआल्या ती काकांकडं गेली. “काका, मी स्वतः केलंय. शेवटपर्यंत. वेळ लागतो एका ठिकाणी, पण होतं. तुम्हाला येणार.”

“तुला आलं म्हणजे मला आलं,” काका म्हणाले. “बोटं माझ्याकडनंच गेलीत.”

आठवड्यात ताईला पुण्यात चार महिन्यांचं काम मिळालं, ती गेली. जून लागला. मी तेव्हा परत मंडपवाल्याकडं होतो. येताजाता काका ओट्यावर दिसायचे, मोबाईल कानापाशी धरलेला, बोट काचेवर. आतनं तीच बाई. “प्रमाणपत्राची तारीख. प्रमाणपत्राची तारीख.” रोज. सकाळी जाताना तारीख, संध्याकाळी येताना तारीख.

“काय काका, झालं का?”

“होतंय. प्रणी म्हणालीच होती, तिथं वेळ लागतो.”

“द्या इकडं, मी करतो. एका मिनिटात.”

“नको.” त्यांनी मोबाईल छातीशी धरला, मी हिसकावून घेईन असा. “तिनं केलं तसंच करायचंय मला.”

तिथं मी उभा होतो. मला माहीत होतं ना. सगळ्या जगात मला आणि त्या सिद्धेशला माहीत होतं की ते तसं होतच नाही. एक वाक्य होतं सगळं. मी म्हणलं, “बरं, बघा,” आणि गेलो. ताई पुण्यावरनं फोन करायची तेव्हा काका तिलाही म्हणायचे, चाललंय, होतंय.

तीस तारीख गेली. जुलैचं पेन्शन आलं नाही. ऑगस्टचं आलं नाही. काका कुणाला बोलले नाहीत. आईच्या लक्षात आलं, ते किराणाला जाईनात म्हणून. मग कुणीतरी पुतण्याला कळवलं. पुतण्या आला, ओट्यावर बसला, बूटसुद्धा काढले नाहीत, काकांचा मोबाईल घेतला आणि पाच मिनिटांत नोंद करून टाकली. पेन्शन परत सुरू होणार होतं. तो काही वाईट बोलला नाही. मोबाईल परत दिला आणि एवढंच म्हणाला, “काका, एवढंच होतं.”



सप्टेंबरात टेम्पो आला. त्याच दिवशी सकाळी ताई पुण्यावरनं परत आलेली. खाट, ट्रंक, पाण्याचा डेरा, सगळं चढवलं. पुतण्या दोरी बांधत होता. काका ड्रायव्हरशेजारी बसले होते, मांडीवर पिशवी. ताई दार धरून उभी.

“काका, असं अचानक काय? नोंद झाली ना आता?”

“त्यानं केली. मला नाही झाली.” ते हळू बोलत होते. “प्रणे, खरं सांगू का. डोकं गेलं माझं. महिनाभर बसलो गं मी. तारखेपाशी गेलं की पुढं काहीच सुचायचं नाही. आता नंबर पण पुसायला लागलेत. परवा बार्शी आठवेना. डोळे नव्हते तर काही अडलं नव्हतं बघ. पण हे गेल्यावर एकट्यानं राहायचं नसतं. पुतण्याचं बरोबर आहे.”

“कुठं अडत होतं म्हणालात?”

“तारखेपाशी.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. टेम्पो गेला. ताई तिथंच रस्त्यात उभी राहिली, मग भिंतीला हात लावत घरात आली. लॅपटॉप काढला. मी दारात होतो. ती गांधीलमाशी सुरू झाली. मग थांबली. मग ताईनं बाईचा वेग कमी केला, एकदम कमी, इतका की मला पण प्रत्येक शब्द ऐकू आला. “प्रमाणपत्राची तारीख. रिकामं. फक्त वाचण्यासाठी.” ती मागं गेली, परत आली. दहा वेळा तरी.

“सम्राट.”

“काय?”

“त्या दिवशी माऊस कुठं ठेवला होता त्यांनी?”

मी दाराच्या कडीशी चाळा करायला लागलो.

“तुझ्यासमोर?”

“ते हसत होते ताई तुला. तो साहेब डोळे मिटून असं हातानं—”

“तुझ्यासमोर होता का?”

“हो.”

तिनं लॅपटॉप मिटला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तू अडकली होतीस,” मी म्हणलं. “सगळ्यांसमोर. मला बघवलं नाही.”

“मला तिथं अडकायलाच बोलावलं होतं रे,” ताई म्हणाली. “मी जिथं अडकेन तिथं ते दुरुस्त करणार होते. तेवढंच माझं काम होतं. ते हसत होते तर हसू दे की. मी दिवसभर अडकून बसले असते.”

मला ते तेव्हा कळलं. शाळेत अडकलं की नापास. अडकणं हेच कुणाचं काम असतं, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का माहीत नाही. त्या दिवशी मी तोंड उघडून भांडलो असतो, तांब्याभांडं फेकलं असतं, तर साहेबांनी आम्हाला हाकलून दिलं असतं आणि सही राहिली असती. एवढ्या वेळा भांडलो मी आयुष्यात. नेमका तेव्हा नाही.

ताईनं हापिसाला पत्र लिहिलं, माझी सही रद्द करा. त्यांनी बोलावून व्हिडिओ लावला. ताईला काय, आवाजच ऐकू येणार. तिचाच आवाज, “झालं?” आणि सिद्धेशचा, “झालं, मॅडम.” साहेब म्हणाले, बघा, तुम्हीच केलंय. तिनं सांगितलं, माझ्या भावानं केलंय. ते म्हणाले, मग भावानं करून द्यावं की सगळ्यांना. ती परत परत गेली. तो रकाना नीट व्हायला पुढचा एप्रिल उजाडला. ती आता कामाला मला नेत नाही. रागानं नाही, जेवायला वाढते, बोलते, चेष्टा करते. फक्त नेत नाही.

“काकांना कोण सांगणार?” मी एकदा विचारलं.

“मी नाही,” ती म्हणाली.

मला हिंमत व्हायला दीड वर्ष लागलं. इचलकरंजीला पुतण्याचं घर म्हणजे खाली माग आणि वर पत्र्याची खोली. खडाखड खडाखड, जमीन हलते. एवढ्या आवाजात काका खाटेवर बसले होते, हात मांडीवर. जो माणूस पावलावरनं गावातला कोण आला ते ओळखायचा, त्याला मी खांद्याला हात लावेपर्यंत कळलं नाही.

“कोण?”

“सम्राट.” ओरडूनच सांगायला लागलं.

सगळं ओरडूनच सांगायला लागलं. हापीस, साहेब, कॅलेंडर, माऊस. “मी दाबलं काका. ताईनं नाही केलं. तिलासुद्धा होत नव्हतं. कुणालाच होत नव्हतं. तुमचं डोकं बरोबर होतं.” जिन्यात पुतण्याची बायको येऊन उभी राहिली होती ऐकत.

काकांनी माझा हात चाचपडला आणि थोपटला. “प्रणीनं पाठवलं व्हय?”

“नाही. मीच आलो.”

“चांगला निघालास रे.” ते हसले. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब येऊन खोटं बोलतोस.”

“खोटं नाही काका. आईशप्पथ.”

“शपथा नको घेऊस. बरं वाटलं मला, पोचलं.”

मी मोबाईल काढला, साइट उघडून त्यांच्या हातात दिला. म्हणलं, आता दुरुस्त झालंय, करून बघा, आता होतंय, ताईनं बघितलंय. त्यांनी तो हातात धरला. अंगठा काचेवर ठेवलाच नाही. उलटा करून मला परत दिला. “आता कशाला. पुतण्या करतो सगळं.”

माझ्यावर जन्मभर सगळ्यांनी खोटारडेपणाचा आळ घेतला आणि बहुतेक वेळा तो खरा होता. त्या दिवशी एकदाच मी खरं बोललो, तर माणूस म्हणाला किती चांगला आहेस. मला तिथं पण राग आला. खाली येऊन भिंतीला लाथ मारली, बोट सुजलं.

त्यानंतर चारदा जाऊन आलो. दर वेळी तेच सांगतो, दर वेळी ते हात थोपटतात. ताईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “परत जा.” मागं म्हणलं, तूच चल, तुझं ऐकतील. म्हणाली, “मी सही केली होती. माझं तर मुळीच ऐकणार नाहीत.”

आज तिथं आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असतात. आज हळू बोलता येईल. पावणेदोनची गाडी आहे, निघतो.